चित्र दाखवणारा कोण?

बाजारातला विक्रेता आणि मोबाइलमधला विक्रेता

आपण मोलगीच्या किंवा धडगावच्या बाजाराला जातो. तिथे विक्रेता ओरडत असतो, "घ्या, घ्या, असा माल पुन्हा मिळायचा नाही!" आपण हसतो. माल हातात घेऊन उलटसुलट पाहतो. भाव करतो. पटले तर घेतो, नाही तर पुढे चालू लागतो. विक्रेता आपला माल चांगलाच म्हणणार, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. माल खोटा निघाला, तर पुढच्या बाजारी त्याला गाठताही येते.

आता आपल्या घरात दुसराच एक विक्रेता येऊन बसला आहे. तो दिसत नाही. तो ओरडत नाही. तो गाणे म्हणतो, नाच दाखवतो, विनोद सांगतो. कधी तो टीव्हीत असतो, कधी सिनेमात, आणि आता बहुतेक वेळ मोबाइलमध्ये. आपली पोरे त्याच्यापुढे तास दोन तास बसतात. आपण एका विक्रेत्यापुढे बसलो आहोत, हे त्यांना ठाऊकही नसते.

हा विक्रेता आपल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना दोन गोष्टी हळूच शिकवतो. पहिली गोष्ट ही की, तंबाखू खाल्ली, धूर काढला, दारू प्याली म्हणजे माणूस मोठा आणि ऐटबाज होतो. दुसरी गोष्ट ही की, तुझा रंग, तुझे अंग, तुझे नाकडोळे जसे आहेत तसे बरे नाहीत. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. पण "खोट्या आहेत" असे नुसते म्हणून पोरे ऐकत नाहीत. त्यांना ते उमगेल असे शिकवावे लागते. कसे शिकवावे, ते या धड्यात पाहू.

फुकटाचे पैसे कोण देतो?

पोरे म्हणतात, "मोबाइलवर सगळं फुकट आहे." खरोखर फुकट आहे का? विचार करा. इतकी गाणी, इतकी चित्रे दाखवायला कंपनीला खर्च येतो. तो खर्च भागून वर नफाही होतो. मग हा पैसा देतो कोण? ज्याला आपला माल खपवायचा आहे, तो देतो. म्हणजे चित्र पाहणारा पोरगा हा गिऱ्हाईक नव्हेच. पोराचे लक्ष हाच तिथला माल आहे, आणि तो माल जाहिरातवाल्याला विकला जातो.

मोबाइलची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. पोर कोणत्या चित्रावर थांबले, कोणते पुन्हा पाहिले, याची नोंद मोबाइलमधली यंत्रणा ठेवते. पोर जिथे थांबले, त्याच जातीची आणखी चित्रे ती पुढे करते. एखादी मुलगी गोरे होण्याच्या उपायाचे एक चित्र पाहते. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे तशी दहा येतात. मग तिला वाटते, सगळे जग हेच बोलते आहे. जग बोलत नसते. यंत्र बोलत असते.

कधी कधी जाहिरात ही जाहिरात वाटतच नाही. मोबाइलवर नावाजलेला एखादा तरुण बोलता बोलता हातात एक डबी धरतो आणि म्हणतो, "मी तर हेच वापरतो." त्याला त्याचे पैसे मिळालेले असू शकतात. पैसे घेऊन माल दाखवला, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली केला. पण पुष्कळ जण तसे लिहीत नाहीत, आणि लिहिले तरी अक्षर बारीक असते. आपण आता वाचायला शिकलो आहोत. तेव्हा ते बारीक अक्षर वाचण्याची सवय आपणच घरात प्रथम लावावी.

आपल्याच मुलखातील जुनी गोष्ट

"यात फायदा कुणाचा?" हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. आपल्या वाडवडिलांनी आणि आयाबहिणींनी तो पूर्वीच विचारला आहे.

इंग्रजांच्या राज्यात, १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरी गाळलेल्या दारूवर बंधने आली आणि ठेकेदारांची दुकाने आली. ठेकेदाराला दारू खपायला हवी होती आणि सरकारला कर हवा होता. पिणाऱ्याच्या घरात मात्र कर्ज शिरले. दारूच्या उधारीपायी आणि सावकाराच्या व्याजापायी कित्येक आदिवासी घरांच्या जमिनी गेल्या.

त्या काळी आपला भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज यांनी लोकांना जागे केले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र येऊन आरती करा, असे ते सांगत. माणसाने माणसाला 'आप' म्हणून मानाने हाक मारावी, अशी त्यांची शिकवण होती. हजारो भिल्ल बांधव त्यांच्या आरतीला जमत. १९३८ साली महाराज वारले, तरी 'आप' हा शब्द अजून आपल्या भागात आदराने घेतला जातो. गुलाम महाराजांनी दारू वाईट एवढेच सांगितले नाही. तू मानाचा माणूस आहेस, हेही सांगितले. हा दुसरा भाग फार मोलाचा आहे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

नंतर १९७२-७३ साली शहादे तालुक्यात श्रमिक संघटनेच्या चळवळीत शेतमजूर बाया पुढे आल्या. मजुरीचा पैसा गुत्त्यावर जातो आणि घरी मार मिळतो, हे त्यांनी ओळखले. त्या जमावाने गावोगावी गेल्या आणि दारूची मडकी फोडली. लिहितावाचता न येणाऱ्या बाया त्यांत पुष्कळ होत्या. पण या धंद्यात फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, हा हिशेब त्यांना पक्का समजला होता.

तेव्हाचा गुत्ता गावाच्या कडेला होता. तो दिसत होता. आजचे आमिष पोराच्या खिशात आहे. मडके फोडता आले. मोबाइल फोडून काही साधत नाही. त्याच मोबाइलवर अभ्यास असतो, शेतमालाचा भाव असतो, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईबापांचा आवाजही असतो. म्हणून आता हातात दगड घेण्यापेक्षा तोंडात प्रश्न हवा.

तंबाखू, दारू आणि नाव बदलून आलेली जाहिरात

तंबाखूचा धंदा करणाऱ्याला दरवर्षी नवे गिऱ्हाईक लागते. जुन्यांतले काही सोडतात, काही आजारी पडतात, काही मरतात. नवे गिऱ्हाईक कोठून येणार? चाळीस वर्षांचा माणूस सहसा नव्याने तंबाखू सुरू करत नाही. सुरुवात होते ती पोरवयात. २०१९ साली सरकारने देशभर शाळांतील १३ ते १५ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. त्यात शंभरातील साडेआठ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात चार जण तरी. आणि ज्यांनी खाण्याची तंबाखू चाखली होती, त्यांतील पुष्कळांनी ती दहाव्या वर्षाच्या आतबाहेर चाखली होती.

पोरवयात हा नाद लवकर का जडतो? तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. ते मेंदूला क्षणभर सुख देते आणि मग पुन्हा मागायला लावते. माणसाचा मेंदू सुमारे पंचवीस वर्षांपर्यंत घडत असतो. सुख मागणारा भाग आधी तयार होतो, लगाम ओढणारा भाग मागून. बैल जोरदार आणि कासरा कच्चा, अशी ती अवस्था असते. म्हणूनच "एकदा घेऊन बघ" हे वाक्य पोराला फार महाग पडते.

सिनेमाचा परिणाम होतो का? दिल्लीतील १२ शाळांतील सुमारे चार हजार मुलांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. हिंदी सिनेमात ज्यांनी तंबाखूची दृश्ये सर्वांत जास्त पाहिली होती, त्यांत तंबाखू चाखून पाहिलेल्यांचे प्रमाण कमी पाहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. नट धूर सोडतो आणि मागे बाजा वाजतो. त्या नटाचा खोकला कधी ऐकू येत नाही. तोंड उघडत नाही म्हणून वरणात भाकरी कुस्करून खाणारा माणूस त्या चित्रात नसतो.

सरकारने कायदे केले आहेत. २००० साली केबल टीव्हीवर दारू व तंबाखूच्या जाहिरातींना बंदी झाली. २००३ चा तंबाखू कायदा मे २००४ पासून लागू झाला आणि तंबाखूच्या जाहिराती बहुतेक ठिकाणी बंद झाल्या. सिनेमात तंबाखूचे दृश्य असेल तर इशारा दाखवावा लागतो. २०२३ पासून मोबाइलवर येणाऱ्या मालिका-सिनेमांनाही तो नियम लागला. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली आणि ती वेळोवेळी वाढवली. तरी गुटखा चोरून विकला जातो, हे आपण पाहतोच.

मग जाहिरातवाल्याने वाट काढली. दारूचे नाव सोड्याला दिले, पाण्याच्या बाटलीला दिले. तंबाखूच्या पुडीचे नाव वेलदोड्याला दिले. मोठा नट येतो आणि वेलदोड्याची पुडी दाखवतो. नाव तेच, रंग तोच, अक्षराचे वळण तेच. वेलदोडा विकायला एवढा मोठा नट कशाला लागतो, हा प्रश्न पोराला विचारून पाहावा. पोरे हुशार असतात. उत्तर ती स्वतःच देतात. याला छुपी जाहिरात म्हणतात. २०२२ साली केंद्र सरकारने अशा छुप्या जाहिरातींना मनाई करणारे नियम काढले आहेत.

"आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे काही मुले सांगतात. त्यांना सांगावे की, सुपारीसुद्धा कर्करोग घडवते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. सुपारीने गालाचे आतले कातडे ताठ होते आणि तोंड हळूहळू मिटू लागते. घरी एक परीक्षा करता येते. तोंड पूर्ण उघडावे आणि स्वतःच्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटवून उभी आत घालून पाहावीत. चांगल्या तोंडात ती बहुधा जातात. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा असेल आणि दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर लगेच दवाखाना गाठावा. लवकर सापडले तर उपाय चालतो.

आणि थोडे गणित. समजा पाच रुपयांची एक पुडी आणि दिवसाला चार पुड्या. दिवसाचे २० रुपये झाले. वर्षाचे ७,३०० रुपये झाले. हे गणित पोराच्या हातून पाटीवर करून घ्यावे. आपण सांगितलेला आकडा पोर विसरते. स्वतः काढलेला आकडा विसरत नाही.

रंगाची आणि अंगाची जाहिरात

आता दुसरी गोष्ट. तंबाखूचा विक्रेता म्हणतो, "हे घे, तू मोठा होशील." मलमाचा विक्रेता म्हणतो, "तुझ्यात उणे आहे, हे घे, भरून निघेल." दोघांची रीत एकच आहे. आधी मनात भोक पाडायचे आणि मग ठिगळ विकायचे.

गोरे करणाऱ्या मलमांचा धंदा आपल्या देशात जुना आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. कितीतरी वर्षे अशा मलमांच्या जाहिरातींत एकच गोष्ट दाखवली जाई: काळी मुलगी उदास, मलम लावले की गोरी झाली, मग नोकरी मिळाली, लग्न ठरले. सावळ्या रंगाचे माणूस कमी प्रतीचे आहे असे जाहिरातीत दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेला २०१४ साली करावा लागला. २०२० साली जगभर टीका झाली, तेव्हा त्या मलमाच्या नावातला 'फेअर', म्हणजे 'गोरा', हा शब्द कंपनीनेच काढला आणि 'ग्लो अँड लव्हली' असे नाव ठेवले. पंचेचाळीस वर्षे नावात असलेला शब्द कंपनीनेच काढून टाकला, हे मुलींना जरूर सांगावे.

कातडीला रंग का असतो? कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते उन्हातील घातक किरण अडवते. वैशाखात आपल्याकडे ऊन कसे तापते, ते कापूस आणि मिरची पिकवणाऱ्याला सांगायला नको. त्या उन्हात सावळी कातडी ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. ती छत्री फेकून देण्यासाठी पैसे मोजायचे, यात शहाणपण काय?

काही मलमे तर धोक्याची असतात. दुकानात वा मेडिकलमध्ये एखादी ट्यूब मिळते; लावली की चार दिवसांत चेहरा उजळतो. अशा कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड नावाचे जालीम औषध असते. महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, लाल होते, चेहऱ्यावर मुरुम येतात, केसही उगवतात. सोडले की आग होते. म्हणून २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरवले. ट्यूबवर बारीक अक्षरात औषधांची नावे असतात. ती वाचावीत, आणि न समजल्यास आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावीत.

रंगासारखेच अंगाचे. मोबाइलवर दिसणारा चेहरा बहुतेक वेळा खरा नसतो. त्याला 'फिल्टर' लावलेला असतो. फिल्टर एका क्षणात डाग पुसतो, रंग उजळतो, कंबर बारीक करतो. मुलगी आरशात स्वतःला पाहते आणि त्या खोट्या चित्राशी तोलते. मग जेवण कमी करते.

हे शहरातले खूळ आहे, आपल्याकडे कुठले, असे कुणी म्हणेल. तर दूरच्या एका मुलखाची हकीकत ऐका. पॅसिफिक महासागरात फिजी नावाची बेटे आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांत भरलेल्या अंगाला मान होता. पाहुण्याला पोटभर वाढणे ही तिथली रीत. १९९५ साली तिथल्या एका भागात टीव्ही नुकताच आला होता. त्या वेळी शाळेतल्या मुलींना विचारले, तर बारीक होण्यासाठी ओकारी काढणारी एकही मुलगी आढळली नाही. तीन वर्षांनी, १९९८ साली, तिथे पुन्हा विचारले. तेव्हा शंभरातील अकरा मुली ओकारी काढत होत्या, आणि शंभरातील चौऱ्याहत्तर मुलींना कधी ना कधी आपण फार जाड आहोत असे वाटत होते. मुलींचे अंग बदलले नव्हते. पाहायला मिळणारी चित्रे बदलली होती.

आपल्या जिल्ह्यात तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. आपल्या कित्येक मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी असते. रक्तातील लोहयुक्त द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, पंधरा वर्षांवरील मुलीत निदान १२ ग्रॅम असावे. ज्यांना सिकलसेल आहे, त्यांनी उपाशी राहणे आणि पाणी कमी पिणे तर फारच धोक्याचे. त्याने अंगदुखीचा जोरदार झटका येऊ शकतो. अशा मुलीने मोबाइलवरची बाई पाहून भाकरी सोडली, तर ती बारीक होणार नाही, ती आजारी पडेल.

मुलांचेही तसेच. दंड फुगलेला नट पाहून पोरगा महागडी पूड आणतो, कुणाच्या सांगण्यावरून सुयाही टोचून घेतो. सुया तर जिवावर बेततात. नांगर धरणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या पोराचे अंग कामाला येणारे आहे. त्याला भाकरी, डाळ, अंडी, हिरवी भाजी आणि झोप पाहिजे.

आणि शोभेचे म्हणाल, तर शोभा आपल्याला नवीन नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी भरते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरे, अंगावर पांढरे ठिपके, असे गडी रात्रभर नाचतात. तिथे गोरा कोण आणि काळा कोण, हे कुणी विचारत नाही. नटावे, जरूर नटावे. स्वतःला कमी समजून नटू नये, एवढेच.

पोरांना शिकवावे कसे?

आम्ही अनेक वर्षे शाळेत पोरे शिकवली. या वयाची पोरे दरडावून शिकत नाहीत. मोबाइल हिसकावला तर ते मित्राच्या मोबाइलवर पाहतात. "जमाना बिघडला" असे म्हटले तर कान बंद करतात. त्यांना सोबत घेऊन पाहावे आणि चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

१. हे चित्र कोण दाखवतो?
२. मी हे खरे मानले, तर पैसा कुणाला मिळतो?
३. या चित्रात काय दाखवलेले नाही?
४. हे पाहिल्यावर मला स्वतःविषयी काय वाटले?

चौथा प्रश्न विसरू नये. पोराला उदास वाटले असेल, तर तेच मलम विकणाऱ्याचे काम झाले.

समजा, घरी असे बोलणे झाले.

मुलगा: आबा, हा हिरो बघा, काय ऐट आहे!
वडील: आहे खरी. हातात काय आहे रे त्याच्या?
मुलगा: वेलदोडा.
वडील: वेलदोड्याला एवढी मोठी मोटार आणि विमान? आपल्या दुकानात त्याच नावाचं आणखी काय मिळतं?
मुलगा: (हसून) मसाला... आणि तंबाखूची पुडी.
वडील: मग हा वेलदोडा विकतोय का पुडी?
मुलगा: पुडीच की, आबा!

वडिलांनी उपदेश एकही केला नाही. पोराने स्वतःच चोर पकडला. एकदा चोर पकडता आला की पुढचे चोर पोर स्वतः पकडते.

आणखी एक खेळ करावा. टीव्हीचा किंवा मोबाइलचा आवाज बंद करावा आणि जाहिरात नुसती पाहावी. बाजा गेला की अर्धी जादू जाते. तासाभरात किती जाहिराती आल्या, हे मोजायला सांगावे.

पण मंडळी, एक गोष्ट कडू असली तरी सांगितली पाहिजे. पोराचे पहिले चित्र मोबाइलमध्ये नसते, ते घरात असते. बाप तंबाखू मळतो, आजी मिसरी लावते, आणि काका पोरालाच दुकानात पिटाळतो, "जा, पुडी घेऊन ये." तसेच, "काळी", "जाडी", "वाळकी" अशा हाका आपणच थट्टेने मारतो. मलमाच्या विक्रेत्याचे अर्धे काम तिथे आपणच करून ठेवतो. ज्या घरात मुलीला मानाने हाक मारली जाते, त्या घरात विक्रेत्याला भोक पाडायला जागा कमी सापडते. गुलाम महाराजांचे 'आप' इथे कामाला येते.

पुष्कळांची पोरे आश्रमशाळेत असतात. त्यांच्याशी सुट्टीतच बोलणे होते. "मार्क किती?" एवढेच न विचारता, "काय बघतोस? कोण आवडतं? का आवडतं?" हेही विचारावे आणि न रागावता ऐकावे.

गावाने काय करावे?

काही गोष्टी एका घराने होत नाहीत, गावाने होतात.

कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. शाळा समितीने दोरी घेऊन अंतर मोजावे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदार बहुधा आपल्याच गावचा, नात्यातला असतो. म्हणून आधी त्याला चार माणसांनी जाऊन समजावून सांगावे. "भाऊ, तुझंही पोर याच शाळेत आहे," हे वाक्य कित्येकदा कायद्याआधी काम करते.

आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा वा तिला बंधन घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. शहाद्याच्या बायांना मडकी फोडावी लागली. आज ग्रामसभेत हात वर करता येतो आणि ठरावावर सही करता येते. सही करायला आपण आता शिकलो आहोत.

पोर आधीच नादी लागले असेल तर त्याला टाकून बोलू नये. तो आजार आहे, आणि त्याला उपाय आहे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट दूरध्वनी १८००-११-२३५६ हा आहे. दारू व इतर नशेसाठी १४४४६ आणि मनाच्या दुःखासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. हे आकडे घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत.

ज्याला वाचता येते, त्याला पाटीवरची अक्षरे कळतात. चित्र वाचणे हेही वाचणेच आहे. ते आपण आधी शिकावे, मग आपल्या पोरांना शिकवावे.

शब्दार्थ

गुत्ता: दारू विकण्याची जागा.
निकोटिन: तंबाखूतील व्यसन लावणारे द्रव्य.
छुपी जाहिरात: एका मालाच्या नावाने दुसऱ्याच मालाची केलेली जाहिरात.
फिल्टर: चेहऱ्याचे चित्र आपोआप बदलणारी मोबाइलमधली युक्ती.

अभ्यास

१. बाजारातला विक्रेता आणि मोबाइलमधला विक्रेता यांत काय फरक आहे?
२. शहादे तालुक्यातील बायांनी कोणता हिशेब ओळखला होता?
३. रोज तीन पुड्या, एक पुडी पाच रुपयांची, तर वर्षाचा खर्च किती?
४. आज रात्री घरातील मुलांबरोबर एक जाहिरात पाहा आणि चार प्रश्न विचारा. मुलांनी काय उत्तरे दिली, ती वहीत लिहा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा.